नगरपालिकेला विचारल्याने पूल रखडतो? जरा थांबा

महामार्गावरचा एखादा जुना पूल पाडून नवा बांधायची वेळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘पूल हा तज्ज्ञांचा विषय आहे. त्यात नगरपालिका, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद यांची मतं मागवायची म्हणजे दहा वर्षं घालवायची. यांना गर्डर (आडवी तुळई) आणि पिअर (खांब) यांतला फरक कळत नाही, फक्त आपल्या दारातून रस्ता हवा असतो. खर्च वाढतो तो वेगळाच. जगात जिथे पूल झटपट उभे राहिले तिथे कोणाला विचारलं नव्हतं. आणि ही चर्चा चालू असताना जुना पूल पडला तर जबाबदार कोण?’

वाचायला चटकदार आहे, म्हणून लोक पुढे पाठवतात. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, तेही मान्य करेन. पण आधी सगळ्यात ठासून सांगितलेलं वाक्य घेऊ.

‘जिथे पूल झटपट झाले तिथे कोणाला विचारलं नव्हतं’

झटपट पुलाचं उदाहरण म्हणून जेनोआचं नाव हटकून घेतलं जातं. इटलीतल्या या शहरात १४ ऑगस्ट २०१८ रोजी पोल्चेवेरा नदीवरचा मोरांडी पूल कोसळला आणि ४३ माणसं गेली. उरलेला सांगाडा पाडून, मध्येच कोरोनाची टाळेबंदी सोसून, नवा पूल उभा राहिला आणि ३ ऑगस्ट २०२० रोजी त्याचं उद्घाटन झालं. दोन वर्षांच्या आत. आता या कामाचे सर्वाधिकार असलेला विशेष आयुक्त कोण होता ते पाहा: मार्को बुच्ची, जेनोआचा महापौर. स्थानिक संस्थेला तिथे विचारलं नाही हे एका अर्थाने बरोबरच आहे, कारण काम तिच्याच प्रमुखाच्या हाती दिलं होतं. नेहमीचे निविदा-नियम बाजूला ठेवायची मुभा त्याला मिळाली होती, हेही सांगायला हवं. वेगाचं बरंचसं श्रेय त्या सवलतीला जातं. पण ती सवलत राजधानीतल्या एखाद्या मुख्य अभियंत्याला न देता शहराच्या महापौराला दिली गेली, ही गोष्ट त्या मजकुरात कधी येत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मिनियापोलिसचं. मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळला, १३ जण दगावले. नवा पूल १८ सप्टेंबर २००८ रोजी सुरू झाला, म्हणजे साडेतेरा महिन्यांत. मिनेसोटा राज्यात असा कायदा आहे की महामार्गाच्या कामामुळे शहरातली रस्त्याची क्षमता किंवा प्रवेशमार्ग बदलणार असतील, किंवा जागा घ्यावी लागणार असेल, तर राज्याच्या वाहतूक खात्याने आराखडा नगर परिषदेपुढे ठेवून संमती मागायची. परिषदेने जनसुनावणी घ्यायची आणि ठरलेल्या मुदतीत हो किंवा नाही सांगायचं. मुदत टळली तर संमती आहे असं धरलं जातं. एवढी मोठी दुर्घटना होऊनही शहराचं मत घेतलं गेलं. पुढेमागे हलकी रेल्वे (शहरी प्रवासाची, ‘लाइट रेल’) न्यायची झाली तर पुलाने ती पेलावी, असा शहराचा आग्रह होता आणि तशी तरतूद नव्या पुलात झाली. ती रेल्वे आजही त्या पुलावरून धावत नाही. कोणी याला उधळपट्टी म्हणालं तर मी भांडणार नाही. माझा मुद्दा वेळेचा आहे: विचारूनही पूल साडेतेरा महिन्यांत झाला.

आता सावित्री नदीचं उदाहरण. महाडजवळचा तो पूल १६५ दिवसांत बांधला, कुठे बसले होते चर्चा करत, असं विचारलं जातं. १६५ दिवसांचा आकडा खरा आहे आणि काम कौतुकाचंच होतं. पण तिथे विचारण्यासारखं काय शिल्लक होतं? जागा तीच आणि रस्ता तोच, शिवाय शेजारी एक नवा पूल आधीपासून उभा असल्याने वाहतूक वळवायला सोय होती. भूसंपादन, पर्यायी मार्ग, जोडरस्त्याची दिशा हे वेळ खाणारे तिन्ही प्रश्न तिथे नव्हतेच. अशा कामावरून नव्या जागी सरकणाऱ्या, दोन्ही काठांवर नवी जमीन मागणाऱ्या पुलाचा हिशेब मांडता येत नाही.

आणि सावित्रीचं नाव काढलंच आहे तर आधीची गोष्टही आठवू. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि त्याला धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता. हा निर्वाळा नगरपालिकेने दिलेला नव्हता.

‘मतं मागवली की दहा वर्षं जातात’

इथे पुरावा म्हणून कोलंबिया नदीवरचा पूल पुढे केला जातो. अमेरिकेतल्या ऑरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांना जोडणारा हा जोडपूल आहे. एक भाग १९१७ चा, दुसरा १९५८ चा. तो बदलायची योजना वर्षानुवर्षे चालली, नुसत्या नियोजनावर १५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली आणि शेवटी योजना गुंडाळली गेली. बघा, चर्चेने घात केला!

घात कुठे झाला ते नीट पाहू. २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटने पैसे द्यायला नकार दिला आणि योजना तिथे बसली. पुलावरून हलकी रेल्वे न्यायची की नाही यावर दोन्ही काठांवर मतभेद होते आणि सिनेटच्या नकारात त्याचा वाटा होता, हे खरं. पण त्याआधी एक वेगळाच घोळ झाला होता, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. पुलाची पाण्यापासूनची उंची ९५ फूट धरून आराखडा बराच पुढे नेला होता. नदीच्या वरच्या अंगाला मोठी यंत्रसामग्री तयार करणारे कारखाने आहेत, त्यांचा माल तराफ्यांवरून याच पुलाखालून जातो. ९५ फुटांखालून तो जाणार नाही, हे तटरक्षक दलाने बजावलं तेव्हा कुठे आराखडा ११६ फुटांवर गेला, आणि तरीही काही कारखान्यांना भरपाई द्यायची वेळ आली. काठावरच्या माणसाला पहिल्याच महिन्यात विचारलं असतं, तर हा आकडा तेव्हाच कळला असता.

वेळ जातो तो विचारण्याच्या क्रमामुळे. आधी डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) पक्का करायचा, जमिनीच्या खुणा रोवायच्या, निविदेचा मसुदा तयार ठेवायचा आणि मग ‘हरकती व सूचना’ मागवायच्या. त्या टप्प्यावर आलेली प्रत्येक सूचना अडथळाच वाटणार, कारण ती मान्य करायची तर आधीचं काम पुसावं लागतं. मग अधिकारी चिडतात, सरपंच चिडतो, कोणीतरी न्यायालयात जातं आणि तारखा पडत राहतात. यानंतर फिरणाऱ्या मजकुरात दोष कोणाच्या नावावर लागतो, ते वर वाचलंच.

‘यांना गर्डर कळत नाही’

नाही कळत. कळायची गरजही नाही. गर्डर पोलादाचा असावा की पूर्वताणित काँक्रीटचा, गाळे किती मीटरचे असावेत, बेअरिंग कोणतं असावं हे नगराध्यक्षाने ठरवू नये. ठरवायला निघाला तर त्याला शांतपणे घरी पाठवावं.

पण पूल म्हणजे फक्त गर्डर नव्हे. तो एका नदीत उभा असतो आणि त्याची दोन टोकं दोन वस्त्यांत उतरतात. नदीपासून सुरुवात करू. पुरात पूल पडतात तेव्हा पुष्कळदा वरचा भाग शाबूत असतो. खांबाच्या पायाभोवतीची माती आणि वाळू वाहून जाते आणि खांबच बसतो. १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी ओढ्यावरचा महामार्गाचा पूल असाच गेला, दहा माणसं मेली. पायाची ही धूप किती होईल याचं गणित अभियंते करतात. गणितात घालायची माहिती मात्र काठावर असते. वाळूचा उपसा कुठे चालतो? गेल्या वीस वर्षांत प्रवाह कोणत्या काठाकडे सरकला? पुराचं पाणी कोणत्या देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं? वरच्या अंगाला बंधारा कधी घातला? नदीच्या पाण्याचं मोजमाप केंद्र लांब असेल तर ही माहिती अधिकृत नोंदीत सापडेलच असं नाही. गावाच्या दप्तरात, पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याकडे, नावाड्याकडे ती असते. अर्थात ऐकीव गोष्ट तपासूनच घ्यावी. पुराच्या आठवणी दर वर्षी हातभर वाढतात, हे मीही जाणतो.

मग जोडरस्त्याचा भराव. नव्या पुलाची उंची वाढली की त्याला भिडणारा भरावही उंच आणि लांब होतो. पूरमैदानावर असा भराव टाकला की तो बांधासारखं काम करतो: पाणी अडतं, वरच्या बाजूला फुगवटा येतो, आणि ज्या वस्तीत कधी पाणी शिरलं नव्हतं तिथे शिरतं. भरावात मोऱ्या कुठे आणि किती मोठ्या ठेवायच्या हे ठरवताना तिथले नाले कसे वाहतात ते माहीत असावं लागतं. नाले नगरपालिकेच्या अखत्यारीत येतात.

काम चालू असतानाचे प्रश्न आणखी वेगळे. जुन्या पुलाच्या कठड्याला लटकलेली जलवाहिनी आणि केबल कोणाच्या? त्या आधी हलवल्या नाहीत तर कंत्राटदाराची यंत्रं उभी राहतात आणि त्या दिवसांचं भाडं कोणीतरी भरतं. पूल बंद ठेवला तर रुग्णवाहिका कुठून जाईल, अग्निशमनाचा बंब पलीकडच्या काठाला किती वेळात पोचेल, वळणरस्त्यावरचा तो छोटा पूल अवजड ट्रक झेलेल का? हा छोटा पूल बहुधा स्थानिक संस्थेचाच असतो. महामार्गाची सगळी वाहतूक त्यावर लोटायची आणि मालकाला विचारायचंही नाही, हा कुठला न्याय? आणि जुन्या पुलाचं पुढे काय? तो पाडायचा, पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायचा की नगरपालिकेच्या गळ्यात बांधून खात्याने हात झटकायचे, हे आधीच कागदावर यायला हवं. नाहीतर देखभाल कोणाची हे ठरवायला पुढे एखादा अपघात लागतो.

‘फक्त आपल्या दारातून रस्ता हवा असतो’

हेच ते अर्धं खरं वाक्य. जोडरस्ता आपल्या जमिनीशेजारून जावा म्हणून वजन वापरणारे लोकप्रतिनिधी असतात. बाजारपेठ बाजूला पडेल म्हणून वळणरस्त्याला विरोध करणारे व्यापारी असतात, आणि नगरसेवक त्यांची री ओढतात. स्थानिक आवाज चुकतोही. जेनोआत मोरांडी पुलाला पर्याय ठरेल अशा ‘ग्रोंडा’ महामार्गाला विरोध करणाऱ्या समित्यांनी २०१३ मध्ये पूल कोसळण्याची भीती ही परीकथा असल्याचं म्हटलं होतं. पाच वर्षांनी काय झालं ते वर आलंच आहे. त्या समित्या म्हणजे नगरपालिका नव्हे, पण काठावरचा माणूस नेहमी बरोबर असतो असं मी म्हणत नाही, एवढं यावरून लक्षात यावं.

याला उतारा म्हणजे मत लेखी घ्यायचं, सभेत ठराव करून घ्यायचं, मुदत घालायची, आणि मानलं नाही तर कारण लिहून द्यायचं. ज्याला स्वतःच्या प्लॉटसाठी वळण हवं आहे त्याला ते ठरावात लिहायची लाज वाटते. फोनवरून सांगायची वाटत नाही.

‘खर्च वाढतो’

कधी वाढतो, कधी वाचतो. पादचारी मार्ग किंवा जास्तीची मोरी आराखड्यातच असली तर तिचा खर्च एकूण रकमेत फारसा जाणवत नाही. पूल उभा राहिल्यावर तीच गोष्ट जोडायची तर नवी निविदा, नवी यंत्रं, पुन्हा वाहतूक बंद. यावर इतकंच पुरे.

‘चर्चा चालू असताना जुना पूल पडला तर?’

या प्रश्नात एक गृहीतक दडलं आहे: धोका खात्याला दिसतो आणि स्थानिक लोक वेळ काढतात. गुजरातमध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ रोजी तुटला, वाहनं नदीत कोसळली, किमान २० जण गेले. हा पूल धोकादायक झाला आहे, त्याऐवजी नवा बांधा, असं वडोदरा जिल्हा पंचायतीच्या एका सदस्याने २०२२ मध्येच लेखी कळवलं होतं. पूल पडला त्या दिवशीही त्यावरून ट्रक जात होते.

पोर्तुगालमध्ये कास्तेलो दे पाइवा नावाची एक छोटी नगरपालिका आहे. तिथे डोरो नदीवर १८८७ चा हिंत्से रिबेरो पूल होता. पूल अपुरा आणि खराब झाला आहे, नवा द्या, असा धोशा तिथल्या नगराध्यक्षाने सरकारकडे लावला होता. ४ मार्च २००१ च्या रात्री पुलाचा खांब खचला आणि सहलीहून परतणारी बस तीन मोटारींसह नदीत पडली. ५९ जण मेले, वाचलं कोणीच नाही. वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाने नदीचं पात्र खोल गेलं होतं आणि त्या हिवाळ्यातल्या पुरांनी खांबाखालची उरलीसुरली वाळूही नेली, असं चौकशीत निघालं. खात्याच्या मंत्र्याने राजीनामा दिला. नगरपालिका मागत होती तो नवा पूल २००२ मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी, वाहतुकीला खुला झाला.