मॉडरेट आहे मामा, बुक करू ना?

सकाळी सकाळी भाच्याने व्हॉट्सअॅपवर एक पोस्टर पाठवलं. मागे बर्फाचे डोंगर, पुढे उड्या मारणारी पोरंपोरी आणि खाली पिवळ्या ठळक अक्षरांत 'हम्प्टा पास, मॉडरेट, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी उत्तम'. हम्प्टा म्हणजे हिमाचलात मनालीजवळची खिंड, आणि 'मॉडरेट' म्हणजे ट्रेक मध्यम अवघड. त्याखाली याचा प्रश्न, "मामा, मॉडरेटच आहे. बुक करून टाकू ना?"

कामं सोडून हे लिहीत बसलोय, कारण या शब्दाने माझं डोकं फिरतं. एकदा तर खरोखरच फिरलं होतं. त्याच वाटेवर.

तेव्हा मी स्वतःला भारी फिट समजायचो. दर रविवारी कुठला ना कुठला गड, कळसूबाई तर एका पावसाळ्यात तीनदा. जोबऱ्याला, जिथून चालायला सुरुवात होते, गाडीतून उतरलो तो सुसाट. चिकाच्या कॅम्पवर मी पहिला, दुसऱ्या दिवशी बालू का घेराला पण मीच पहिला. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. ऊन लागलं असेल म्हणून गोळी घेतली आणि गप्प बसलो. जेवणाच्या तंबूकडे जाताना दोरीला अडखळलो. परत येताना पुन्हा त्याच दोरीला. गाइड बघत होता. त्याने काठीने वाळूत एक रेघ ओढली आणि म्हणाला, "सर, इस पे चल के दिखाओ. एडी के आगे पंजा." मला हसू आलं. दारू प्यायलोय की काय मी? चार पावलं टाकली आणि पाचव्याला रेघेच्या बाहेर जाऊन बसलो. उंचीवरची विरळ हवा मेंदूला लागली की तोल असा जातो.

आता सांगा, पोस्टरवरचं ते 'मॉडरेट' या रेघेबद्दल काय सांगतं? काहीही नाही. ग्रेड असते पायांची. रोज किती तास चालायचं, चढ किती खडा, वाट किती घसरडी. फुप्फुसांची आणि डोक्याची ग्रेड कुणी छापत नाही. अख्खं कळसूबाई १६४६ मीटर. मनालीचा बाजारच त्याहून उंचावर आहे! हम्प्टाला पहिली रात्र तीन हजार मीटरच्या आसपास, दुसरी साधारण ३६०० वर, आणि तिसऱ्या दिवशी खिंड, सुमारे ४२७० मीटर. तिथे एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने साठेक टक्के ऑक्सिजन मिळतो. तीन हजारांच्या वर गेल्यावर रोजची झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये, हा जुना साधा नियम. आमच्या प्लॅनमध्ये तो दुसऱ्याच रात्री मोडला होता. मनालीत एक दिवस जास्त थांबलो असतो तर? पण सुट्टी वाचवायची होती ना.

आणि फिटनेसचं म्हणाल तर आमच्या ग्रुपमध्ये चोपन्न वर्षांच्या एक मावशी होत्या. मुंगीच्या पावलांनी यायच्या, दर वळणावर पाणी प्यायच्या, मी मनात वैतागायचो. त्या खिंड ओलांडून गेल्या. मी नाही. उंची लागते तेव्हा ती छातीवरची पदकं बघून लागत नाही, उलट आमच्यासारख्या पळणाऱ्यांना आधी गाठते.

हो, मान्य, दरवर्षी हजारो लोक हम्प्टा करून सुखरूप घरी येतात. बोटाला ऑक्सिमीटर लावून रोज तपासणाऱ्या कंपन्याही आहेत, बरंच आहे ते. पण माझा संध्याकाळचा आकडा चांगला होता म्हणे! आकडा चांगला आणि माणूस रेघेवरून पडतोय.

मुळात लोक प्रश्नच चुकीचा विचारतात. 'मला जमेल का?' अरे, जमेलच. नाही जमलं तर काय, ते विचारा. बालू का घेरापर्यंत ठीक आहे, आल्या वाटेने चिकाला उतरता येतं. पण एकदा खिंड उतरून पलीकडे शिया गोरूच्या कॅम्पला गेलात की मागे फिरायचं म्हणजे तीच खिंड पुन्हा चढायची, आणि पुढे छत्रूला रस्ता लागेपर्यंत पाय ओढायचे. ओढ्याचं पाणी सकाळी पोटरीपर्यंत असतं, दुपारी बर्फ वितळला की तेच मांडीला लागतं. हे कुठल्या पोस्टरवर वाचलंय तुम्ही? आणि हवेचं तर बोलूच नका. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालच्या ट्रेकवर कर्नाटकातले नऊ जण खराब हवेत अडकून दगावले. जूनमध्ये! केदारकांठा तर भर डिसेंबरच्या बर्फात 'इझी' म्हणून विकतात. चिडचिड होते नुसती.

बरं, पोस्टरवाल्यांना शिव्या घालतोय खरा, पण डोकेदुखी लपवली कुणी? मीच. फॉर्मवर 'नियमित व्यायाम' पुढे बरोबरची खूण करणाराही मीच. गाइडने पहिल्याच रात्री सांगितलं होतं, डोकं दुखलं तर लगेच बोला. मला वाटलं, बोललो तर इथेच थांबवतील आणि फोटो राहील.

त्या रात्री मला खाली उतरवलं. टॉर्चच्या उजेडात एक विशीतला पहाडी पोरगा माझी सॅक पोटावर, त्याची पाठीवर, आणि माझा दंड धरून. मी दगडावर बसायला गेलो की म्हणायचा, "बस सर, वो मोड तक." पहाटे चिकाला जाग आली तेव्हा डोकं एकदम मोकळं. जणू काही झालंच नव्हतं. सहाशे मीटरही उतरलो नसेन, तेवढ्यावर एवढा फरक. तो पोरगा तोवर वर निघून गेला होता, बाकीच्यांचं सामान होतं ना. त्याचं नाव विचारायचं राहिलंच.

म्हणून भाच्याला म्हटलं, तू जा. जरूर जा. पण त्या पिवळ्या शब्दावर जाऊ नको. कुठल्या रात्री किती उंचीवर झोपणार, ते एका कागदावर लिहून पाठव, मग बोलू.

हे लिहिता लिहिता त्याचा मेसेज आला. "मामा, कॅम्पची नावं दिलीयेत सगळी, उंची फक्त खिंडीचीच दिलीये."

फोन करून विचार म्हटलं त्यांना. आणि बूट नवीन घेतले असशील तर आजपासूनच घालायला लाग.