सलाईनमधून गाठीला खाऊ मिळतो म्हणे!

"कॅन्सरच्या पेशंटला शिरेतून अन्न देऊ नका, ते सगळं गाठच खाते, उपाशी ठेवा म्हणजे गाठ वाळून जाईल" असा मेसेज फिरतोय. एकेक मुद्दा बघू.

"कॅन्सर साखरेवर जगतो." हे अर्धं खरंय. गाठीतल्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच दाखवलं होतं, पेट स्कॅन (शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारी तपासणी) त्यावरच तर चालतो. पण मेंदूलाही तीच साखर लागते की.

"मग साखर तोडा." तोडणार कशी? खाणं थांबलं तरी लिव्हर साखर बनवतच राहतं, आणि त्यासाठी कच्चा माल कुठून आणतं, तर स्नायू मोडून, म्हणजे दंड-मांड्या झिजतात, चालायची ताकद जाते, केमो झेपत नाही म्हणून डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो, आणि गाठीला मात्र त्याच रक्तातून तिचा वाटा मिळतच असतो. उपाशी राहतो तो पेशंट.

"उंदरांवर सिद्ध झालंय." शिरेतून अन्न दिल्यावर काही प्रयोगांत गाठ वाढलेली दिसली, हो. पण उंदराच्या वजनाच्या मानाने ती गाठ केवढी असते बघा, माणसात तसं क्वचितच. माणसांवरच्या काही अभ्यासांत गाठीतल्या पेशी जास्त विभाजित होताना दिसल्या, काहींत नाही, पण त्याने पेशंटचं नुकसान झालं असा पुरावा नाही. एस्पेन या पोषणावर काम करणाऱ्या युरोपियन संस्थेच्या २००९च्या गाइडलाइननेही हेच म्हटलंय, की गरज असेल तर या भीतीपोटी अन्न अडवू नका.

"साधं सलाईनपण नको." अहो, नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी, साखर नावालाही नाही! ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १ लिटरमध्येही ५० ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १७० कॅलरी. टीपीएनची, म्हणजे शिरेतून पूर्ण अन्न देण्याची पिशवी वेगळी, तिच्यात ग्लुकोज, अमिनो ॲसिड, फॅट, व्हिटॅमिन, क्षार सगळं असतं.

आता टीपीएनचे खरे धोके, जे मेसेजमध्ये नाहीतच: कॅथेटरमधून (शिरेत घातलेल्या नळीतून) इन्फेक्शन, शुगर चढणं, आणि बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयावर येऊ शकतं. म्हणून ते सरसकट कोणालाही लावत नाहीत, आतडं चालत असेल तर तोंडाने, ते जमत नसेल तर पोटात घातलेल्या नळीने देतात. तेव्हा डॉक्टरांना विचारायचंच असेल तर आतडं कितपत चालतंय आणि वजन किती उतरलंय ते विचारा.