‘व्हेरिफाइड: येस’ आणि आमचे दाजी

परवा रात्री जेवायला बसलो होतो, तेवढ्यात दाजींचा फोन. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. “अरे, सुताच्या व्यापाऱ्याचा मेल आलाय. बँक खातं बदललंय म्हणतोय. पोरानं आत उघडून बघितलं, ‘एक्स-व्हेरिफाइड: येस’ लिहिलंय. पाठवू का पैसे?” अजिबात पाठवू नका म्हणालो, हात धुतला आणि गाडी काढली.

मूळ होतं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजात: ‘पोस्टफिक्समध्ये (मेल सर्व्हर चालवणारा प्रोग्रॅम) एक ओळ टाका, खऱ्या मेलवर आपोआप शिक्का बसेल. एक्सने सुरू होणारं हेडर (मेलच्या वरची, सहसा न दिसणारी ओळ) फक्त सर्व्हरच टाकू शकतो, म्हणून ते बनावट असूच शकत नाही. स्पॅम फिल्टरची गरज संपली. हेडर वाढवल्याने डीकेआयएम (पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही) मोडतं ही अफवा.’

ऑफिसातल्या पोराने ती ओळ टाकलीही होती. हेडर_चेक्सच्या, म्हणजे हेडर तपासायच्या नियमांच्या, फायलीत: ‘फ्रॉम’ने सुरू होणारी ओळ दिसली की तिच्या वर ‘एक्स-व्हेरिफाइड: येस’ प्रीपेंड कर, म्हणजे आधी जोड. आता मला सांगा, ‘फ्रॉम’ची ओळ कुठल्या मेलात नसते? चोराच्या मेलातही असते. म्हणजे दाजींच्याच सर्व्हरने चोराला शिक्का मारून दिला. वर हेडर_चेक्स आत येणारा आणि बाहेर जाणारा मेल वेगळा ओळखत नाही. आदल्या दिवशी गिऱ्हाइकाला गेलेल्या टॉवेलच्या कोटेशनवरही तोच शिक्का!

बनावट असूच शकत नाही म्हणे. मी ती ओळ काढली, लॅपटॉप उघडला आणि दाजींच्याच नावाने दाजींना मेल पाठवला, ‘एक्स-व्हेरिफाइड: येस’ हाताने टाइप करून. अर्ध्या मिनिटात समोर हजर. हेडर म्हणजे मेलच्या डोक्यावरचा मजकूर, पाठवणारा हवं ते लिहितो. १९८२च्या आरएफसी ८२२ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ‘एक्स-’ राखून ठेवलं होतं तेच मुळी वापरणाऱ्यांनी स्वतःची हेडरं बनवावीत म्हणून. बाहेरच्या चादरीला ‘सोलापुरी’ लेबल लावून विकतात म्हणून दाजी वर्षभर कुरकुरतात. म्हटलं, दाजी, हे तेच आहे.

यावरचा नियम लिहिलेलाच आहे. २०१९चा आरएफसी ८६०१ हा ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या, मेलच्या खरेपणाच्या तपासणीचा निकाल सांगणाऱ्या हेडरसाठी आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की आपल्या सर्व्हरचं नाव सांगणारं असं हेडर बाहेरून आलेल्या मेलात दिसलं तर ते काढून टाकलंच पाहिजे. आधी बाहेरचा शिक्का खरवडा, मग आपला मारा. स्वतःच्या हेडरलाही हाच क्रम लावायचा. आरस्पॅमडीसारख्या मिल्टरमधून (सर्व्हरला जोडलेला, मेल तपासणारा प्रोग्रॅम) हे नीट जमतं. नुसतं हेडर जोडायचं असेल तर २५ नंबरच्या पोर्टवरच्या एसएमटीपीडीपुरतं (बाहेरून मेल घेणारा पोस्टफिक्सचा भाग) प्रीपेंड लावा, म्हणजे बाहेर जाणारे मेल सुटतात.

स्पॅम फिल्टरबद्दल काय बोलायचं! फिल्टर आधी तपासतो, मग निकाल हेडरमध्ये लिहितो. तपासणाराच घरी पाठवला तर निकाल कोण लिहिणार?

डीकेआयएमचं मात्र, नाइलाजाने, बरंचसं खरं आहे. सही मजकुरावर आणि सहीतच नोंदवलेल्या हेडरांवर असते, त्यामुळे वर एक नवं हेडर चिकटवलं तर सहसा काही बिघडत नाही. पण हुशारी करून विषयातच ‘बाहेरचा मेल’ असं घुसडलं आणि तो मेल पुढे आपोआप फॉरवर्ड झाला, की पुढचा सर्व्हर सही मोडली म्हणणार.

दाजींनी माझ्यासमोरच व्यापाऱ्याला जुन्या नंबरवर फोन लावला. “खातं? आमचं खातं कशाला बदलेल?” पैसे वाचले. मग कळलं, तो मेसेज दाजींनी दुपारीच आणखी दोन ग्रुपवर ढकलला होता. आम्ही बोलत होतो तेव्हा ते चष्मा वर करून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ शोधत होते.