अँटिबॉडी सापडली म्हणजे लस आली असं नाही

‘व्हीआरसी०१सारखी अँटिबॉडी हाती आली, आता एचआयव्हीची लस जवळच’ हा एचआयव्हीच्या लसीवरच्या लेखातला सूर जरा घाईचा वाटतो. अँटिबॉडी म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारं शरीरातलं प्रथिन; व्हीआरसी०१ ही एचआयव्हीच्या अनेक प्रकारांना अडवणारी अशीच एक. विषाणूच्या पृष्ठभागावरचं जीपी१२० प्रथिन साखरेच्या साखळ्यांनी झाकलेलं असतं. आपल्या पेशीवरच्या सीडी४ या प्रथिनाला (त्यालाच धरून विषाणू आत शिरतो) चिकटायची जागा मात्र त्याला फारशी बदलून चालत नाही, आणि ही अँटिबॉडी नेमकी तीच अडवते. झकास! पण ती घडायला अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींत ढीगभर म्युटेशन्स (जनुकीय बदल) व्हावी लागतात. संसर्गानंतर वर्षं जातात, तीही मोजक्याच लोकांत. म्हणजे लसीलाही आधी योग्य बी-पेशी जागी करून, मग वेगवेगळी प्रथिनं देत तिला वळण लावावं लागणार. शिवाय २०२१मध्ये निकाल जाहीर झालेल्या, माणसांवरच्या एएमपी चाचण्यांत तयार व्हीआरसी०१ शिरेतून देऊनही एकूण संसर्ग फारसा घटला नाही. तिच्यामुळे निकामी होऊ शकणारे विषाणूच तेवढे अडले. मग एकाच जातीची अँटिबॉडी कशी पुरेल? लेखात यावर एक ओळही नाही.