पॅट व्हेंडिटीला नियमाने घरी बसवले नाही

पॅट व्हेंडिटी या बेसबॉलमधल्या अमेरिकन पिचरचा (फलंदाजाला चेंडू टाकणारा तो पिचर) दोन्ही हातांनी चेंडू टाकतानाचा व्हिडिओ फिरत असतो आणि त्याखालच्या मजकुराचा आशय साधारण असा असतो: हे कसब त्याला जन्मतः लाभले होते, एक हात थकला की दुसरा वापरून तो दोघांचे काम एकटा करत असे, असा तो बेसबॉलमधला पहिलाच, आणि फलंदाज हतबल झाल्यामुळे नियम बदलून त्याला घरी बसवण्यात आले. व्हिडिओ खरा आहे. मजकूर मात्र जवळजवळ सगळाच खोटा आहे.

व्हेंडिटी मुळात उजव्या हाताचा. नेब्रास्कातील ओमाहा येथे १९८५ साली जन्मलेल्या या मुलाकडून तो जेमतेम तीन वर्षांचा असल्यापासून वडिलांनी डाव्या हाताचाही सराव करून घेतला. मधे चार बोटे आणि दोन्ही कडांना एकेक अंगठा असलेला त्याचा ग्लोव्ह (चेंडू झेलण्यासाठी पिचर तो न टाकणाऱ्या हातात घालतो) मिझुनो कंपनीकडून खास बनवून घेतलेला होता, म्हणजे तो काढून क्षणात दुसऱ्या हातात चढवता येई. ज्यामागे इतकी वर्षे घासलेली आहेत त्याला दैवी देणगी म्हणणे हा त्या बापलेकांवर अन्यायच आहे.

थकव्याचा मुद्दा वरकरणी पटण्याजोगा वाटतो, पण तो हात बदलत असे तो समोरचा फलंदाज पाहून. उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर जातो आणि डाव्या फलंदाजाच्या अंगावर येतो, त्यामुळे सारख्या हाताचा सामना सहसा पिचरला लाभतो. म्हणूनच संघ मोक्याच्या वेळी डाव्या फलंदाजासाठी डावा पिचर बोलावत. व्हेंडिटी हा बदल जागच्या जागी करू शकत असे. त्याचे मोल एवढेच होते आणि ते कमी नव्हते. एरवी तो सामन्याच्या नऊ इनिंग्जपैकी एखाददुसऱ्या इनिंगपुरता येणारा राखीव पिचर होता, आणि पाठ व पाय तर दोन्ही हातांना एकच असतात. २०१२ मध्ये त्याच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०१५ मध्ये मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील पदार्पणानंतर थोड्याच दिवसांत तोच खांदा दुखावल्याने त्याला जायबंदी खेळाडूंच्या यादीत जावे लागले. डाव्या हाताला काही झालेले नसताना! दोन खांदे म्हणजे दुखापतीच्या जागाही दोन, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

पहिलेपणाचा दावा तर एका नावातच निकाली निघतो. माँट्रियल एक्सपोजच्या ग्रेग हॅरिसने २८ सप्टेंबर १९९५ रोजी सिनसिनाटीविरुद्ध एकाच इनिंगमध्ये दोन्ही हातांनी पिचिंग केले होते, आणि त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, टोनी मुलेन आदींनी ते केलेले आहे. व्हेंडिटीचे वेगळेपण एवढेच, की त्याने हा प्रकार हौसेपुरता न ठेवता नित्याचा केला.

आता नियम. जून २००८ मध्ये स्टेटन आयलंड या खालच्या पातळीवरील संघाकडून व्यावसायिक पदार्पण करताना ब्रुकलिन संघाच्या राल्फ हेन्रिकेझशी त्याची गाठ पडली. हेन्रिकेझ दोन्ही बाजूंनी फलंदाजी करणारा. व्हेंडिटी ग्लोव्ह बदलायचा, की हा प्लेटच्या (फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो ती जमिनीतली पाटी) दुसऱ्या बाजूला जायचा, की पुन्हा ग्लोव्ह बदलायचा. अखेर पंचांनी फलंदाजाला आधी बाजू ठरवायला लावली आणि तो बाद होऊन बॅट आपटत परतला. त्यानंतर नियम झाला तो असा, की पिचरने आधी हात जाहीर करावा आणि त्या फलंदाजाचा निकाल लागेपर्यंत, दुखापतीचा अपवाद वगळता, तो बदलू नये. याचा फायदा दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्यांना मिळतो हे मान्य; परंतु बहुसंख्य फलंदाज एकाच बाजूने खेळतात आणि त्यांच्यापुढे व्हेंडिटीची सोय जशीच्या तशी राहिली. (क्रिकेट याबाबत अधिक उदार आहे: विदर्भाचा अक्षय कर्णेवार पंचांना कळवून एकाच षटकात हात बदलू शकतो.) शिवाय ज्याला नियमाने संपवले म्हणतात तो नियमानंतर सात वर्षांनी, ५ जून २०१५ रोजी, ओकलंडकडून बॉस्टनच्या फेनवे पार्कवर मेजर लीगमध्ये उतरला आणि त्या दिवशी दोन इनिंग्जमध्ये त्याने एकही धाव दिली नाही.

मग मेजर लीगमधली कारकीर्द ६१ सामन्यांवर का थांबली? याचे उत्तर रुक्ष आहे. त्याचा वेगवान चेंडू ताशी ८५ मैलांच्या आसपास असे, आणि त्या पातळीवर नव्वदीच्या पुढचे पिचर ढिगाने मिळतात. २०२० पर्यंत सहा संघांकडून खेळताना त्याने दर नऊ इनिंग्जमागे सुमारे पावणेपाच धावा दिल्या. ही कामगिरी टाकाऊ नाही, पण कुणी त्याला धरून ठेवावे अशीही नाही. माझ्या मते डावा हात नसता तर एवढ्या वेगावर तो मेजर लीगपर्यंत पोहोचलाही नसता. कुरसावमध्ये वाढलेला युरांजेलो सेंत्ये हाही दोन्ही हातांनी टाकत आला होता, आणि त्याचा उजव्या हाताचा वेग नव्वदीच्या बराच पुढे जातो. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत २००८ मध्ये यांकीज संघाने व्हेंडिटीला विसाव्या फेरीत निवडले होते. सेंत्येला २०२४ मध्ये सिअ‍ॅटलने पहिल्याच फेरीत, पंधराव्या क्रमांकावर निवडले, आणि तेव्हाही तो नियम लागू होताच.