वर्गात वरून येणारे राजकारण

‘परीक्षा पे चर्चा’चा दिवस जवळ आला की आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर जुना वाद नव्याने पेटतो. पंतप्रधानांचा हा संवाद वर्गात दाखवावा का, असे एखादा जण पालक म्हणून विचारतो आणि दहा मिनिटांच्या आत चर्चा ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ या वळणावर जाऊन पोचते. मग आक्षेप घेणारा कोणत्या पक्षाचा, एवढेच ठरवायचे उरते. इंग्लंडमध्ये मुलीला शाळेत घातल्यापासून हा वाद वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे: आपल्याकडे पालकाच्या हातात धरायला नियमच नाही, त्यामुळे त्याला पक्षाचाच आधार घ्यावा लागतो, किंवा तसा तो घेतला असल्याचा आरोप तरी सोसावा लागतो.

या वादाचे मूळ 5 सप्टेंबर 2014 च्या शिक्षकदिनात आहे. त्या दुपारी पंतप्रधानांचे भाषण देशभरातील शाळांत दाखवण्याची व्यवस्था करण्याचे निर्देश आले आणि टीव्ही नसेल तिथे रेडिओ लावण्याची तयारी झाली. विरोध होताच उपस्थिती ऐच्छिक असल्याचा खुलासा केंद्रीय मंत्र्यांनी केला. महाराष्ट्रात तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते आणि आठवड्याभरातच, 12 सप्टेंबरला, विधानसभा निवडणूक जाहीर झाली. भाषणात प्रचार नव्हता, हे मान्य करायला हवे. मुलींचे शिक्षण, शाळांतील स्वच्छतागृहे, वाचन असे विषय त्यात होते. पण वरून परिपत्रक आल्यावर मुख्याध्यापकाच्या दृष्टीने ‘ऐच्छिक’ या शब्दाला किती अर्थ उरतो, हे सरकारी शाळेत शिकलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आता इंग्लंडमधले 2007 सालचे एक प्रकरण पाहू. हवामानबदलावरचा अल गोर यांचा ‘अ‍ॅन इनकन्व्हिनियंट ट्रूथ’ हा माहितीपट तिथल्या सरकारने माध्यमिक शाळांना पाठवण्याचे ठरवले. केंटमधला एक पालक, जो शाळेच्या नियामक मंडळावरही होता, त्याविरुद्ध न्यायालयात गेला. त्याच्या हातात 1996 च्या शिक्षण कायद्यातील दोन कलमे होती. कलम 406 शिकवण्यातून एकांगी राजकीय मतांचा पुरस्कार करण्यास मनाई करते आणि कलम 407 नुसार, राजकीय विषय मुलांपुढे येतील तेव्हा विरोधी मतांची मांडणीही समतोलपणे झाली पाहिजे. न्यायमूर्तींनी माहितीपटाचा गाभा ढोबळमानाने बरोबर ठरवला, त्यातील नऊ विधाने मात्र प्रचलित वैज्ञानिक मताशी जुळत नसल्याचे दाखवून दिले. बंदी घातली गेली नाही. शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शनपर टिपणात सुधारणा करून माहितीपट दाखवता येईल, असा निकाल लागला.

हा पालक काही निरागस नव्हता. तो एका छोट्या राजकीय पक्षाचा सदस्य होता आणि हे प्रकरण चालू असताना त्याचा गवगवाही झाला होता. तरीही न्यायालयाला त्याच्या पक्षाची उठाठेव करावी लागली नाही, कारण वर्गात काय दाखवले जाते आणि त्याबरोबर काय सांगितले जाते, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता. शिवाय कठड्यात शिक्षक नव्हता, शिक्षणमंत्री होता.

आपल्याकडे याच्या उलट रचना आहे. सरकारी शिक्षकाला वर्तणूक नियमांनी राजकारणापासून बांधून ठेवले आहे (महाराष्ट्रात विधान परिषदेवर मात्र शिक्षकांचे सात आमदार निवडून जातात, हा आणखी एक मजेशीर भाग). पण संदेश वरून, शासनाच्या शिक्क्यासह आला तर त्याला अडवणारी तरतूद कुठे आहे? धर्माच्या बाबतीत घटनाकारांनी ती केली: कलम 28 नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करता येत नाही. राष्ट्रगीत न गाणाऱ्या केरळमधील तीन भावंडांना शाळेतून काढले, तेव्हा 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. पण तो निकालही धर्मस्वातंत्र्य आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांच्या आधारे होता. केवळ ‘माझ्या मुलीला एकच बाजू दाखवली’ म्हणणाऱ्या पालकाला त्यात फारसे काही सापडत नाही.

इंग्लंडचे कौतुक मात्र इथेच थांबवतो. शिक्षण खात्याने फेब्रुवारी 2022 मध्ये राजकीय निःपक्षपातीपणावर सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले, आणि तक्रारीच्या भीतीने शिक्षक विषयच टाळतात, हे मी अनुभवले आहे. गाझाविषयी प्रश्न विचारल्यावर माझ्या मुलीला ‘हे घरी विचार’ असे उत्तर मिळाले. दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन असलेल्या वर्गात एकही बाजू मांडली गेली नाही, आणि नियम मोडला असेही कोणाला म्हणता येईना. मुलीने घरी विचारले, तेव्हा तिला अर्थातच माझी बाजू ऐकायला मिळाली.

अमेरिकेत 2009 साली ओबामा यांच्या शाळकरी मुलांसाठीच्या भाषणावर पालक भडकले, तेव्हा भाषणाचा मजकूर आदल्या दिवशीच जाहीर करण्यात आला आणि त्यासोबतच्या स्वाध्यायातील आक्षेपार्ह वाक्य बदलले गेले. आपल्याकडेही निदान एवढे व्हावे, आणि ‘उपस्थिती ऐच्छिक, त्यावर वर्गात चर्चेसाठी एक तास राखून ठेवावा’ ही ओळ परिपत्रकातच छापली जावी, असे मी यंदा गटावर लिहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या मित्राने उत्तर दिले: “अरे, कार्यक्रम दाखवतानाचे फोटो त्याच दिवशी चारपर्यंत पोर्टलवर चढवायचे असतात. चर्चा झाली का, हा रकाना त्या फॉर्मात नाही.”