सर, डीए किती?

सकाळचे सव्वासात. चहा अजून गाळायचाय आणि मोबाइल वाजतो. "सर डीए किती? लास्ट प्राइस?" नमस्कार नाही, नाव नाही, विकायला काढलेली माझी वेबसाइट उघडून पाहिल्याची खूणही नाही. या आठवड्यातला हा अकरावा. अहो, तुळशीबागेत चाळीस रुपयांची क्लिप घेतानाही बायका आधी केसाला लावून बघतात, मग भाव करतात! इथे लाखाच्या गोष्टी बोलायच्या आणि माल मात्र बघायचा नाही.

मी कोथरूडचा. लोकांना वेबसाइट करून देतो, त्यावर घर चालतं. शिवाय आठ वर्षं एक मराठी साइट हौसेने चालवली, गच्चीवरच्या बागेची. १४० लेख. फोटो सगळे आमच्याच गच्चीतले, मागच्या काळ्या टाकीसकट आणि वाळत घातलेल्या चादरींसकट. कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात, पालापाचोळ्याचं खत घाण वास का मारतं, मे महिन्यातल्या पुण्याच्या उन्हात टोमॅटो कसा जगवायचा, हे सगळं स्वतः करून, दोनदा तोंडावर पडून, मग लिहिलेलं. आता वडिलांच्या दुखण्यामुळे वेळ मिळत नाही, म्हणून विकायला काढली. जाहिरातींचे महिन्याला साडेतीन-चार हजार सुटतात, होस्टिंगचा खर्च जाऊन. तेवढेच सांगतो. आणि तिथेच माझं चुकतं, कारण बाजारात सगळे पंधरा हजार सांगतात.

हा डीए म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो, मग शिव्या घालायला मोकळा. डोमेन अथॉरिटी. मॉझ नावाच्या परदेशी कंपनीने स्वतःच्या हिशेबाने काढलेला १ ते १०० मधला आकडा. त्याचा चुलतभाऊ डीआर, तो एचरेफ्स नावाच्या दुसऱ्या कंपनीचा. दोघंही तुमच्या साइटकडे बाहेरून किती आणि कसल्या लिंका येतात ते मोजून अंदाज बांधतात. गूगल यांच्याकडे बघून कुणाला वर-खाली करत नाही, हे मॉझ स्वतःच सांगते. गूगलचा आपला पेजरँकचा आकडा पूर्वी टूलबारवर दिसायचा, तोही त्यांनी २०१६ मध्ये बंद केला. पण आपल्या लोकांना काहीतरी आकडा लागतोच. दहावीचे टक्के, पत्रिकेतले गुण, साइटचा डीए.

आणि हा आकडा फुगवून मिळतो, हे माहीत नसलेला एक तरी दलाल मला दाखवा. मेलेली डोमेनं, म्हणजे बंद पडलेल्या साइटचे पत्ते, घाऊक भावात घ्यायची, त्यांच्या लिंका आपल्याकडे वळवायच्या, की महिन्या-दोन महिन्यांत ८ चा ४५ होतो. वाचक तेवढेच राहतात. तीन. त्यातला एक मालक.

माझ्या साइटचा डीए ९ आहे. नऊ! कारण मी आठ वर्षांत कुणाकडे लिंक मागायला गेलो नाही. म्हणून परवा एकाने १५ हजार देऊ केले. साइट नको होती त्याला, 'मराठी निश' हवं होतं, म्हणजे मराठी वाचकांचा एक तयार कोपरा. टोमॅटोच्या लेखात रमीची लिंक घालायची होती, असं तिसऱ्या मेसेजला कबूलही केलंन.

दुसरा जरा बरा वाटला. हडपसरचा. फोनवर नीट बोलला, 'काका' म्हणाला. (मी एक्केचाळीसचा आहे, पण असो.) सगळं बोलून झाल्यावर म्हणतो, "काका, त्या कमेंट्स तेवढ्या उडवून द्या, स्पॅम दिसतात." सहाशेच्या वर कमेंट्स आहेत हो त्या! साताऱ्याच्या एक आजी तीन वर्षं आपल्या जास्वंदीची खबरबात कळवतायत. औषध मारलं, कळ्या गळल्या, परत आल्या. खरी माणसं येतात, थांबतात, परत येतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा? तो ह्याला स्पॅम. खरेदीला निघालाय आणि सोनं दिसलं की म्हणतो हे पिवळं पिवळं पुसून द्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढा शहाणा आहेस तर चिडतोस कशाला. तर हे शहाणपण मी १ लाख ४० हजारांना विकत घेतलंय, रोख.

ऑक्टोबर २०२४. सरकारी योजनांची माहिती देणारी एक मराठी साइट विकायला आली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरची कमाई मिळून २१ हजार. म्हणजे महिन्याला सरासरी ७ हजार, त्याच्या वीस पट किंमत. परदेशी दलालांकडे अशा साइटला महिन्याच्या नफ्याच्या तीस-चाळीस पट मागतात, तेव्हा वीस पट म्हणजे मला घबाडच वाटलं. आणि आकडे खोटे नव्हते हो! तीच तर चीड आहे. स्क्रीनशॉट खोटा करणं हा पोरखेळ आहे, राइट क्लिक, इन्स्पेक्ट, दोन आकडे बदला, झालं. तेवढं मला कळतं. म्हणून मी अ‍ॅनालिटिक्सचा आणि सर्च कन्सोलचा, म्हणजे साइटवर किती माणसं कुठून येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या हिशेबवह्यांचा, अ‍ॅक्सेस मागितला. त्याने हसत दिला. जुळवून पाहिलं, जुळलं. मी खूश. पेढे आणायचेच बाकी होते.

जुलै २०२४ म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला लागू नये. लाडकी बहीण! २८ जूनच्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, महिना १,५०० रुपये, आणि पुढचे दोन-तीन महिने अख्खा महाराष्ट्र मोबाइलवर 'फॉर्म कसा भरायचा' शोधत होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा फॉर्म मी स्वतः भरून दिला होता. माझ्या हाताने! तरी डोक्यात ट्यूब पेटली नाही. त्या साइटवर येणाऱ्या दहातले नऊ जण एकाच पानावर येत होते. फॉर्म भरून संपले, शोधणं संपलं, साइट संपली. नोव्हेंबरमध्ये ग्राफ बघितला तर आयसीयूत माणूस गेल्यावरच्या मॉनिटरसारखी सरळ रेघ.

सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा हिशेब असतो. त्याने मला तीन महिन्यांवर लावून दिला आणि मी तीनच महिने बघितले. वरच्या तारखा मागे ओढायच्या, पानांचा तक्ता उघडायचा, दोन मिनिटांचं काम. मार्केट यार्डात हापूसची पेटी घेताना मी वरचा थर उचलून खालचे आंबे बघतो, देठाशी नाक नेऊन वास घेतो, कारण देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघतो हे आम्हाला बाळपणापासून पाठ. आई तर मंडईत भेंडीची शेपटं मोडते, भाजीवाली ओरडली तरी मोडते. आणि तिचा हा दिवटा चिरंजीव एका पानाच्या वरच्या थरावर भाळला.

पुढचं एकेक निघत गेलं. अ‍ॅडसेन्सचं खातं (गूगलच्या जाहिरातींचे पैसे जिथे जमा होतात ते) साइटबरोबर येत नाही, नव्या मालकाने आपल्या खात्यात साइट जोडून नव्याने मंजुरी घ्यायची असते. ती मिळेना, कारण निम्मे लेख दुसरीकडून उचललेले. लेखातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, शोधलं कोणी?

माझा आतेभाऊ वकील आहे. सिंहगड रोडला फ्लॅट घेताना त्यानेच तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून दिला होता. त्याला हे रामायण सांगितलं. तो म्हणाला, "डोमेनचा सात-बारा नसतो का रे?"

असतो. म्हणूनच जास्त लागलं. वेबॅक मशीनवर पत्ता टाकला की कुठल्या साली तिथे काय उभं होतं ते दिसतं, १९९६ पासूनची पानं आहेत त्यांच्याकडे, फुकट. व्यवहार झाल्यावर, हो, झाल्यावर, मी बघितलं. २०१६ मध्ये तिथे केरळच्या सहलींची एजन्सी. २०२० मध्ये मटक्याचे आकडे, ओपन-क्लोज, लाल पिवळ्या अक्षरांत. मग एकदम २०२३ मध्ये शासकीय योजना. विकणारा मला छाती काढून सांगत होता, "२०१६ पासूनचं डोमेन आहे सर, ट्रस्ट आहे." आणि मी साइट घेतली त्याच २०२४ च्या मार्चमध्ये गूगलने नवे नियम लावले होते, टाकून दिलेली जुनी डोमेनं उचलून त्यावर भरताड घालून वर चढणाऱ्यांवर, आणि ढिगाने लेख पाडणाऱ्यांवर. म्हणजे ज्याचे पैसे मी जास्त मोजले तीच खोट.

फोन केला त्याला. म्हणाला, "सर, मार्केट डाऊन आहे." एवढंच. मग निळ्या टिका येणं बंद.

बायको काही बोलली नाही. फक्त एकदा पार्किंगमध्ये शेजाऱ्यांची नवी अ‍ॅक्टिव्हा बघून म्हणाली, "हिच्यात पेट्रोलसुद्धा भरून मिळालं असतं."

आणि आता मी विकणारा झालोय. समोरच्याला १६ महिने दाखवतो. कुठल्या पानावर किती माणसं येतात ते दाखवतो. पावसाळ्यात वाढतात, डिसेंबरात कमी होतात, हेही न विचारता सांगतो. एका गृहस्थांना सगळं उघडून दाखवलं तर म्हणाले, "इतकं दाखवताय म्हणजे काहीतरी गडबड असणार." काय करायचं या लोकांचं? वीस पटीचाच हिशेब लावला तरी माझी साइट ७०-८० हजारांची होते. तिचा लिलाव १५ हजारांवर अडलाय, आणि तिकडे डीआर ४५ वाला लाखाच्या पाटीवर बसून सर, सर करतोय.

येत्या मंगळवारी त्या योजनावाल्या डोमेनच्या रिन्यूअलचा शेवटचा दिवस आहे. बाराशेच्या आत आहे रक्कम. भरणार नाही म्हणतोय. पण नाही भरली तर ते सुटणार, कोणीतरी उचलणार, त्यावर पुढच्या योजनेचं पान चढवणार, आणि सहा महिन्यांनी मलाच मेसेज येणार. २०१६ पासूनचं डोमेन आहे सर, ट्रस्ट आहे.